पाड्याचे मत

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत विक्रमगड मतदारसंघातून भाजपचे विष्णू सवरा सुमारे ४० हजार मते घेऊन निवडून आले. शिवसेनेचे प्रकाश निकम ३६ हजारांच्या घरात जाऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिले. युती तुटलेली होती, म्हणून एरवीचे मित्र समोरासमोर उभे होते. २०१९ ला युती पुन्हा जुळली आणि सवरांचे चिरंजीव डॉ. हेमंत सवरा तिचे उमेदवार झाले. कागदावरचा हिशेब सरळ होता. चाळीस आणि छत्तीस मिळून शहात्तर हजार, म्हणजे निवडणूक जवळपास खिशात. प्रत्यक्षात युतीच्या उमेदवाराला ६७ हजार मते पडली आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील भुसारा ८८ हजार मते घेऊन २१ हजारांच्या फरकाने आमदार झाले. आणखी पाच वर्षांनी त्याच भुसारांना भाजपचे हरिश्चंद्र भोये यांनी ४१ हजारांच्या फरकाने पाडले. त्याच्या सहा महिने आधी, विधानसभेला नाकारले गेलेले हेमंत सवरा पालघरचे खासदार म्हणून १ लाख ८३ हजारांच्या मताधिक्याने दिल्लीला गेले होते. हा लेख ज्यांच्याविषयी आहे ते जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके या मतदारसंघात येतात. त्यांच्या जोडीला विक्रमगड तालुका आणि वाडा तालुक्याचा काही भाग आहे. दहा वर्षांत एवढ्या उलथापालथी करणाऱ्या मतदाराला कोणत्या पक्षाचा म्हणायचे?

मुंबईत बसून या भागाविषयी लिहिणाऱ्यांकडे याची तयार उत्तरे असतात. कुणी म्हणतो, हा वारली उठावाचा वारसा सांगणारा लाल पट्टा आहे. कुणाला तो वनवासी कल्याण आश्रमाने मशागत करून ठेवलेला भगवा पट्टा वाटतो. कुणी सगळे जमातींच्या गणितावर सोडून देतो, तर कुणी मतदानाच्या आदल्या रात्री वाटल्या जाणाऱ्या दारूवर आणि कोंबड्यांवर. या प्रत्येकात थोडे तथ्य आहे. पण यातले एकही उत्तर शहात्तरचे सदुसष्ट कसे झाले ते सांगत नाही. माझे म्हणणे असे की आपण मोजमापाचे एककच चुकीचे धरतो. या दोन तालुक्यांत मताचा निर्णय घेणारा घटक पक्ष नाही, जमात नाही आणि बऱ्याच अंशी सुटा मतदारही नाही. तो घटक म्हणजे पाडा. पाड्याचे मत हे राज्य कसे चालावे याविषयीचा अभिप्राय नसून सरकारी कचेरीपर्यंत पोचण्यासाठी कुणाशी तरी केलेला व्यवहार असते. व्यवहार पाळला गेला तर मत टिकते, नाहीतर फिरते. झेंडा कोणता हा प्रश्न त्यानंतर येतो.

आधी भूगोल. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास, आणि त्यातले दहांपैकी नऊ जण आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या मुख्य जमाती. जव्हार हे संस्थानकाळापासून नगरपरिषद असलेले बारा हजार वस्तीचे गाव. तिथे व्यापारी, नोकरदार आणि जुन्या संस्थानी आश्रयाने आलेली घराणी राहतात आणि तिथली निवडणूक गल्ली, दुकान आणि नळाच्या पाण्यावर लढली जाते. डिसेंबर २०१७ मध्ये जव्हारचे नगराध्यक्षपद शिवसेनेकडे गेले. पण शहराच्या वेशीबाहेर या निकालाचा फारसा अर्थ लागत नाही, कारण तिथून पुढे डोंगरउतारांवर विखुरलेल्या वस्त्या सुरू होतात. एका ग्रामपंचायतीत पाच-सात, कधी त्याहून जास्त पाडे. एक पाडा नदीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. पावसाळ्यात मधला ओहोळ भरला की ग्रामपंचायत कार्यालय परमुलखात गेल्यासारखे होते. सातबाऱ्यावर गाव असते, पण लग्न, मयत, देवकार्य आणि भांडणतंटा यांचा कारभार पाड्याचा. मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवात कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि उत्सवाचा बंदोबस्त सगळे मिळून करतात. एकत्र बसून ठरवायची सवय इथे निवडणुकीने आणलेली नाही, ती आधीचीच आहे.

या सवयीला निवडणूक यंत्रणेने नकळत बळ दिले. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. २००४ पासून महाराष्ट्रात सर्वत्र मतदान यंत्रे आली आणि प्रत्येक यंत्राची मोजणी स्वतंत्र होऊ लागली. निकालानंतर ‘नमुना २०’ नावाचा तक्ता प्रसिद्ध होतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मते पडली ते ओळीने लिहिलेले असते. मुंबईत एका केंद्रावरचे हजार मतदार दोन-चार इमारतींतले, एकमेकांना न ओळखणारे. मोखाड्यात तेच केंद्र म्हणजे तीन-चार पाडे, आणि त्या पाड्यांतले प्रत्येक घर कार्यकर्त्याला तोंडपाठ. तक्त्यातली एक ओळ पाहिली की कोणता पाडा कुणाकडे गेला हे त्याला लगेच कळते. माणसाचे मत गुप्त राहते, पाड्याचे राहत नाही. अनेक केंद्रांची मते एकत्र करून मोजणारे ‘टोटलायझर’ यंत्र वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता आणि विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला होता. तो अमलात आला नाही. उघड्या आकड्यांमुळे मतदारांना धमकावता येते, हे त्या प्रस्तावामागचे कारण रास्तच आहे. पण त्याची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. आकडे उघडे असल्यामुळे पाड्यालाही निवडून आलेल्याच्या दारात जाऊन ‘आम्ही दिले, आता तुम्ही द्या’ असे म्हणता येते. गुप्त मताला सौदा करता येत नाही.

सौदा कशाचा, हे पाहिले तर पक्ष मागे का पडतो ते कळते. पाड्याच्या मागण्यांची यादी वर्षानुवर्षे तीच आहे. बोअरवेल, ओहोळावरचा साकव, मुख्य रस्त्यापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरचा रस्ता, अंगणवाडीची खोली, विजेचा ट्रान्सफॉर्मर. यातली एकही गोष्ट एका घराला देता येत नाही. आली तर सगळ्या पाड्याला येते, नाही तर कुणालाच नाही. म्हणून मागणीही सगळ्यांची आणि मतही सगळ्यांचे. दुसरी यादी घराघराची आहे. जातीचा दाखला, घरकुल, वनपट्टा, आश्रमशाळेतला प्रवेश, रोजगार हमीची थकलेली मजुरी. ही कामे तहसील कचेरीत, जव्हारच्या प्रांताकडे किंवा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात अडतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय जव्हारला व्हावे अशी इथली मागणी होती. मुख्यालय पालघरला गेले, आणि जव्हारपासून ते सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर पडते. मोखाड्याच्या टोकाच्या पाड्यातून निघालेल्या माणसाची एका सहीसाठी दिवसभराची मजुरी जाते, आणि साहेब मीटिंगला गेलेले असले तर दोन दिवसांची. अशा वेळी त्याला हवा असतो तो कचेरीतल्या बाबूला नावाने हाक मारू शकणारा माणूस. तो कोणत्या पक्षात आहे हे विचारण्याची चैन त्याला परवडत नाही.

या दृष्टीने सुरुवातीचा हिशेब पुन्हा मांडू. विक्रमगड मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला. पहिले आमदार भाजपचे चिंतामण वनगा, ते तलासरीचे. २०१४ चे विष्णू सवरा वाड्याचे. दोघेही दीर्घकाळ काम केलेले, संघटनेतून वर आलेले नेते. सवरा तर आदिवासी विकासमंत्री आणि पालघरचे पालकमंत्री झाले. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापासून ते दूरचे होते, आणि मंत्रिपदाने आणखी दूर गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या आणि भेटीला गेलेल्या पालकमंत्र्यांना खोच इथे लोकांच्या संतापाला तोंड द्यावे लागले. उलट २०१४ ला पराभूत झालेले सुनील भुसारा त्यानंतरची पाच वर्षे याच डोंगरात फिरत राहिले. २०१९ चा निकाल मी असा वाचतो. युतीने दोन चिन्हांची बेरीज केली, पण २०१४ ला शिवसेनेला पडलेली ३६ हजार मते शिवसेनेची नव्हतीच. ती निकमांशी आणि त्यांच्या माणसांशी व्यवहार असलेल्या पाड्यांची होती. चिन्ह कागदावर हलवता येते, पाडा असा हलवता येत नाही.

अमेरिकेतल्या राजकारणाचे अभ्यासक व्ही. ओ. की यांनी १९४९ साली दक्षिणेतल्या राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात असाच एक नमुना नोंदवला होता. तिथे तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष नावापुरताच होता, म्हणून खरी लढत पक्षांतर्गत उमेदवारीची. अलाबामासारख्या राज्यात प्रत्येक उमेदवाराला स्वतःच्या आणि शेजारच्या काउंटीत भरघोस मते पडत आणि लांब गेले की ती विरळ होत. पक्ष एकच असल्यामुळे त्यावरून निवड करता येत नव्हती, तेव्हा लोक ओळखीवरून निवड करत. की यांना हे राजकारण अपरिपक्व वाटले, कारण त्यात धोरणाचा मागमूस नव्हता. जव्हार-मोखाड्यात पक्ष एक नाही, पाच-सहा आहेत. पण कचेरी कोणत्याही राजवटीत तितकीच लांब राहिली, त्यामुळे मतदारासाठी परिणाम सारखाच झाला. मात्र अमेरिकेतली अनेक छोटी गावे आज पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाला मत देतात, आणि या बाबतीत आपला भाग त्यांच्या अगदी उलट टोकाला आहे. पूर्वीचा डहाणू आणि २००९ पासूनचा पालघर लोकसभा मतदारसंघ पाहा. १९९६ ते २०२४ या काळात आठ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. भाजप, काँग्रेस, भाजप, काँग्रेस, बहुजन विकास आघाडी, भाजप, शिवसेना, भाजप. एकाही पक्षाला लागोपाठ दोन सार्वत्रिक निवडणुका जिंकता आलेल्या नाहीत. याला बालेकिल्ला म्हणणाऱ्याने किल्ला या शब्दाचा जरा विचार करावा.

इथे पहिला आक्षेप येतो तो जमातींचा. राखीव मतदारसंघात सगळेच उमेदवार आदिवासी असतात, तेव्हा लढत वारली विरुद्ध कोकणा, महादेव कोळी विरुद्ध ठाकूर अशी होते, असे अनेक पत्रकार लिहितात. उमेदवारी देताना पक्ष हा हिशेब करतात यात शंका नाही. पण जमातींच्या संख्येत पाच वर्षांत फरक पडत नाही, निकालात मात्र पडतो. जी गोष्ट स्थिर आहे तिच्यावरून अस्थिर गोष्टीचे कारण सांगता येत नाही. शिवाय बरेचसे पाडे एकाच जमातीचे असतात, त्यामुळे पाड्याने एकगठ्ठा दिलेले मत बाहेरून जमातीचे दिसते. शेजारच्या दोन वारली पाड्यांनी विरुद्ध बाजूंना मते दिली की हे स्पष्टीकरण अडखळते, आणि नमुना २० मधल्या शेजारशेजारच्या केंद्रांच्या ओळींतले अंतर पाहिले की असा संशय वारंवार येतो. जमातीचे भान आहेच. संस्थानाचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे महादेव कोळी घराण्याचे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि पुढे साठच्या दशकात ते काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून गेले. पण त्यांच्या विजयातही जमातीपेक्षा राजवाड्याशी असलेल्या जुन्या वहिवाटीचा भाग मोठा असावा, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विचारसरणी काही करत नसेल, तर शेजारच्या तलासरी-डहाणूत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष इतकी दशके कसा टिकला? १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने वेठबिगार आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापोटी राबणे) या प्रथांविरुद्ध वारल्यांना उभे केले. त्यानंतर पाऊणशे वर्षांनीही डहाणूतून विनोद निकोले २०१९ आणि २०२४ असे दोनदा लाल बावट्यावर निवडून आले. १९७७ ला लहानू कोम याच पक्षाचे खासदार झाले, आणि जुन्या जव्हार विधानसभा मतदारसंघातूनही २००४ मध्ये राजाराम ओझरे विजयी झाले. ही निष्ठा खरी आहे आणि तिच्यामागे विचार आहे. पण तो विचार टिकला कशावर? जमिनीच्या खटल्याला वकील देणे, वनखात्याच्या कारवाईच्या वेळी पाड्यावर हजर राहणे, मोर्चाला जाताना घरातली भाकरी बांधून सोबत नेणे, या रोजच्या कामावर. तलासरीत पक्ष स्वतःच पाड्यावर राहायला गेला, म्हणून तिथे पाड्याचे मत आणि पक्षाचे मत यांत फट उरली नाही. जव्हार-मोखाड्यात तेवढी दाट संघटना कुणाचीच झाली नाही. इथे ती जागा अनेकांनी वाटून घेतली आहे. वेठबिगारमुक्तीतून उभी राहिलेली विवेक पंडितांची श्रमजीवी संघटना, वनहक्कासाठी न्यायालयापर्यंत गेलेली कष्टकरी संघटना, जव्हारचे प्रगती प्रतिष्ठान, विक्रमगडच्या झडपोलीची जिजाऊ संस्था. त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत आणि सगळ्यांना निवडणुकीत रस आहे असेही नाही. पण जिजाऊचे नीलेश सांबरे २०२४ ला शेजारच्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात अपक्ष उभे राहिले आणि दोन लाख ३० हजारांहून अधिक मते घेऊन गेले. रुग्णालय, शाळा आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग एवढ्या भांडवलावर पक्षाच्या चिन्हाशिवाय एवढी मते मिळत असतील, तर चिन्हाची किंमत किती ते वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप पैशाचा. मतदानाच्या आदल्या रात्री जे वाटले जाते ते सगळेच घेतात, सगळ्यांकडून घेतात. म्हणूनच त्याने निकाल ठरत नाही. चारही उमेदवारांची कोंबडी खाऊन झाल्यावर मत कुणाला द्यायचे हा प्रश्न होता तिथेच राहतो. या आक्षेपामागे गरीब मतदाराविषयीचा एक तुच्छभाव दडलेला असतो, त्याच्यावर यापेक्षा जास्त शब्द खर्च करण्याची गरज नाही.

स्थलांतराचा मुद्दा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. भात, नाचणी, वरई घरात आली आणि दिवाळी झाली की मोखाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर जातात, काही नाशिककडे द्राक्षबागांत. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत, म्हणजे मे अखेर किंवा पहिल्या पावसापर्यंत, परतणे नाही. पालघरचे लोकसभा मतदान २०१४ ला २४ एप्रिलला, २०१९ ला २९ एप्रिलला आणि २०२४ ला २० मे रोजी झाले. २०१८ च्या पोटनिवडणुकीचे २८ मे रोजी. म्हणजे पाडा अर्धा रिकामा असताना. या हिशेबाने इथले मतदान कमी व्हायला हवे. पण विक्रमगड आणि डहाणूतले मतदान रेल्वे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या नालासोपाऱ्याला कितीतरी मागे टाकते. भट्टीवरून जीप-टेम्पो भरून लोक मतदानापुरते येतात. गाडी कुणी पाठवली यावरून अर्थातच बरेच काही ठरते. पण त्यांना यावेसे वाटते ही गोष्ट अधिक महत्त्वाची. मत सुट्या माणसाचे असते तर दोन दिवसांची मजुरी बुडवून कुणी आले नसते. न आल्यास पाड्याचा आकडा कमी भरतो, आणि कमी आकड्याच्या पाड्याला पुढची पाच वर्षे कुणी विचारत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

मग लाटांचे काय? २०१४ च्या मे महिन्यात मोदी लाटेत चिंतामण वनगा जवळपास २ लाख ४० हजारांनी निवडून आले, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच भाजपला विक्रमगडची जागा चार हजारांच्या आत राखताना दमछाक झाली. दिल्लीचे मत आणि जव्हारचे मत ही इथे दोन वेगळी मते आहेत. खासदाराकडून साकव अपेक्षित नसतो, म्हणून लोकसभेला माणूस वाऱ्याबरोबर जाऊ शकतो. तिथेही केवळ नावावर भागत नाही. जानेवारी २०१८ मध्ये वनगांचे निधन झाले, मुलगा श्रीनिवास शिवसेनेकडून उभा राहिला, सहानुभूतीची भाषा सर्वत्र होती. जिंकले ते काँग्रेसमधून ऐनवेळी भाजपमध्ये आलेले राजेंद्र गावित, २९ हजारांच्या फरकाने. वर्षभरात गावित शिवसेनेत गेले आणि पुन्हा जिंकले. मूळचे नंदुरबारकडचे असल्याने त्यांच्यावर उपरेपणाचा शिक्का होता. पण पालघरचे आमदार आणि आदिवासी विकास राज्यमंत्री म्हणून कचेऱ्यांची दारे त्यांनी पाहिली होती. याच २०१९ च्या निवडणुकीत पालघर मतदारसंघात ‘नोटा’ला २९ हजारांहून अधिक मते पडली, राज्यात सर्वाधिक. यंत्रावरचे शेवटचे बटण चुकून दाबले गेले असे काहीजण म्हणतात. काही मते तशी असतीलही. पण ज्या व्यवहारात समोरच्या कुणीच शब्द पाळलेला नाही, तिथे कुणालाच न देणे हाही व्यवहाराचाच भाग आहे, आणि मला तेच अधिक पटते.

माझ्या मांडणीला खरा धक्का देणारी गोष्ट वेगळीच आहे. २०२० मध्ये खावटी अनुदान म्हणून आदिवासी कुटुंबांना चार हजार रुपये जाहीर झाले, निम्मे खात्यात आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. या पैशाला कार्यकर्ता लागत नाही, पाड्याची बैठक लागत नाही, जव्हारची फेरी लागलीच तर बँकेपुरती. साकव सगळ्यांचा असतो, दीड हजार एकटीचे. नोव्हेंबर २०२४ ला विक्रमगडमध्ये भाजपला मिळालेले ४१ हजारांचे मताधिक्य मागच्या कोणत्याही निकालाच्या पुढचे होते, आणि ते केवळ भोये यांच्या संपर्काने आले असे म्हणणे हट्टाचे होईल. नवऱ्याने किंवा पाड्याने सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या खात्याकडे पाहून मत देणारी बाई इथे पहिल्यांदाच मोठ्या संख्येने दिसू लागली असेल, तर एकक बदलायला सुरुवात झाली आहे. एका निवडणुकीवरून निवाडा देणे घाईचे ठरेल. बोअरवेल कोरडी पडली की बाईला पुन्हा पाड्यातच यावे लागते, आणि हप्ता कोणत्या पक्षाचा हे सरकार बदलल्यावर धूसर होते.

आता या पद्धतीची मर्यादा. पाड्याचा सौदा साकवापुरता चालतो, धरणापर्यंत पोचत नाही. मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मुंबई महानगरपालिकेने बांधलेले मध्य वैतरणा धरण आहे, शंभर मीटरहून उंच, मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देणारे. त्याच मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यापाड्यावर टँकर येतो आणि विहिरीत ओतलेल्या गढूळ पाण्याभोवती हंड्यांची रांग लागते. पावसाळ्यात इथे पाऊस धो धो कोसळतो, डोंगरउतारावर थांबत नाही, आणि जो अडवला तो मुंबईचा झाला. लोकसभेचे मतदान नेमके टँकरच्या दिवसांत होते, तरीही या पाण्यावर इथली एकही निवडणूक ठरलेली नाही. लोकांना कळत नाही म्हणून नव्हे. मुंबईत विधानसभेच्या ३६ जागा आहेत, जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला एका जागेचा हिस्सा. पालघर लोकसभेत एकट्या नालासोपाऱ्याचे मतदार पाच लाखांहून अधिक, म्हणजे या दोन तालुक्यांच्या सगळ्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त. तिथे सौदा मांडायला पाड्याकडे पुरेसा आकडाच नाही, आणि जिंकण्याची शक्यता नसलेल्या मागणीवर शहाणा पाडा मत खर्च करत नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बळींनी सरकार हादरले. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले, पण ते वर्तमानपत्रांच्या आणि न्यायालयांच्या दबावाने आले, मतपेटीच्या नव्हे. की यांची तक्रार इथे लागू पडते. ओळखीच्या राजकारणातून मोठे प्रश्न गळून जातात, आणि ज्यांचे प्रश्न सर्वात मोठे त्यांचे सर्वात जास्त नुकसान होते.

पाड्याला मतदानाबाहेरची एक जागा कायद्याने मात्र मिळू लागली आहे. आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याचे नियम महाराष्ट्राने २०१४ मध्ये केले. त्यांनुसार एखादा पाडा किंवा पाड्यांचा समूह स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हावा असा ठराव करू शकतो आणि प्रांताकडे प्रस्ताव पाठवू शकतो. घोषित झाल्यावर त्याची स्वतःची ग्रामसभा होते आणि गौण वनोपज, पाणी, जमीन यांविषयी तिला बोलण्याचा अधिकार येतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतले पाच टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णयही झाला आहे. ग्रामसभेच्या कोश समितीने नीट काम केले तर साकवाच्या दुरुस्तीसाठी आमदाराचे पत्र आणावे लागत नाही. आणि असे किती पाडे स्वतंत्र गाव होतात, यावर पुढच्या निवडणुकांच्या नमुना २० मधल्या ओळी कशा दिसतील हे बरेचसे अवलंबून राहील.